चहाडखोर कपडे

टीव्हीवर बाप्या दिसला की त्याच्या कपड्यांवरून त्याचं काम कळतं. काळा कोट म्हंजे वकील, खाकी म्हंजे पोलीस, सूट म्हंजे साहेब नायतर बातम्या वाचणारा, मळका शर्ट म्हंजे आमच्यासारखा कुणीतरी, ज्याला सबंध मालिकेत दोन वाक्यं असतात. बाई दिसली की तिच्या कपड्यांवरून काय कळतं? तिचा नवरा. आहे की नाही, जिता आहे की मेला, तिला टाकलीय की तीच दुसरीच्या नवऱ्यामागे लागलीय. मंगळसूत्र, टिकली, बांगड्या, भांग, साडीचा रंग. बाईनं तोंड उघडायच्या आत तिच्या अंगावरचा कपडा तिची चहाडी करून मोकळा होतो. बाप्याच्या शर्टानं मात्र त्याची बायको मेली ही बातमी आजवर कुणाला दिलेली नाही.

आपल्याकडे टीव्हीवरच्या कपड्यांची चर्चा निघाली की ती उघड्या अंगाची निघते. किती दिसलं आणि किती झाकलं, एवढंच. जानेवारी २०२३ मध्ये उर्फी जावेदच्या कपड्यांवरून भाजपच्या चित्रा वाघ पोलिसांकडे गेल्या आणि मराठी चॅनेलांनी तो विषय कितीतरी दिवस चघळला. कुणी म्हणेल, बाप्यालाही कुठं सोडतात, जुलै २०२२ मध्ये रणवीर सिंगच्या नागड्या फोटोंवरून चेंबूर पोलिसांत गुन्हा दाखल झालाच की. झाला. पण नीट बघा. बाप्याला गुन्हेगार व्हायला अंगावरचं सगळं उतरवावं लागलं. बाई अंगभर कपडे घालून उभी असली तरी गुन्हेगार ठरते. कशी ठरते, ते त्याच साली मंत्रालयात कॅमेऱ्यासमोर दिसलं.

२ नोव्हेंबर २०२२. संभाजी भिडे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना भेटून बाहेर पडत होते. एका मराठी वाहिनीची पत्रकार माईक घेऊन पुढे झाली, तिनं प्रश्न विचारला. उत्तर आलं नाही. आधी कपाळाला कुंकू लाव, मग बोलतो, असं ऐकवलं गेलं. प्रत्येक बाई भारतमातेचं रूप, आणि भारतमाता काही विधवा नाही, हा वरचा खुलासा. सगळ्या महाराष्ट्रानं ते टीव्हीवर पाह्यलं. राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षा रूपाली चाकणकर यांनी नोटीस काढली, निषेध झाले, चर्चा झडल्या, आणि मग दुसरी बातमी आली.

त्या निषेधांत एक वाक्य पुनःपुन्हा ऐकू आलं : टिकली लावायची की नाही ही तिची मर्जी. बरोबर आहे. पण माझं समाधान तेवढ्यावर होत नाही. समजा ती पत्रकार खरंच विधवा असती. मग? मग प्रश्न विचारायचा तिचा हक्क गेला असता? मर्जीची भाषा बोलताना आपण नकळत असं धरून चालतो की बिचारी विधवा नव्हती हो, नुसतीच टिकली लावली नव्हती. म्हंजे विधवा असणं ही शिवीच आहे, एवढं भिड्यांचं म्हणणं आपण गुपचूप गिळलं. ती बाई तिथं तिच्या कामाला आली होती. माईक तिचं हत्यार, प्रश्न तिचा माल. तिचा माईक कुणी बघितला नाही. बघितलं कपाळ.

आणि आता ज्यांनी सांगितलं त्यांचे कपडे बघा. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पायांत काही नाही. भिडे नेहमी असेच दिसतात. पांढऱ्या कपड्यातला बाप्या म्हंजे साधू, त्यागी, गुरुजी. पांढऱ्या कपड्यातली बाई म्हंजे नवरा मेलेली. रंग एकच, कापूस एकच, गिरणी एकच. अर्थ अंगाप्रमाणे फिरतो. सूत कातताना ते बाईसाठी वेगळं आणि बाप्यासाठी वेगळं निघत नाही. हा फरक कापडात नाही, बघणाऱ्याच्या डोक्यात आहे, आणि ते डोकं रोज संध्याकाळी सात ते दहा तयार होतं.

म्हणून मला त्या एका म्हाताऱ्या माणसापेक्षा मालिकांबद्दल जास्त बोलायचंय. त्यांनी जे तोंडानं सांगितलं ते आमच्या घराघरातला टीव्ही न बोलता सांगत असतो.

झी मराठीवरची ‘माझ्या नवऱ्याची बायको’ घ्या. २०१६ ते २०२१, साडेचार वर्षं चालली. राधिका नागपूरची, साडी, मंगळसूत्र, टिकली. शनाया तोकड्या फॅशनेबल कपड्यांत. एक बायको, एक ‘दुसरी’. पहिल्याच भागात आवाज बंद करून बघितलं असतं तरी कोण चांगली कोण वाईट हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण या गोष्टीत लफडं केलं कुणी? गुरुनाथनं. लग्नाची बायको घरात असताना बाहेर संबंध ठेवणारा तो. त्याच्या कपड्यांत त्याचा खोटेपणा कुठं दिसला? शर्ट-पँट, कोट, नीट विंचरलेले केस. ऑफिसात जाणारा साधा सरळ माणूस दिसेल असाच तो दिसला. दोन बायांच्या कपड्यांवर सगळं पापपुण्य वाटून टाकलं आणि पाप करणारा इस्त्रीच्या शर्टात कोरा राह्यला. राधिकानं मसाल्याचा धंदा उभा केला, ही त्या मालिकेतली चांगली गोष्ट, ती मी नाकारत नाही. आमच्याकडच्या बाया त्यावर खूश होत्या. पण बाई चांगली आहे हे तिच्या धंद्याआधी तिच्या साडीनं सांगावं लागलं.

त्याआधीची ‘होणार सून मी ह्या घरची’, २०१३ पासूनची. त्यातल्या जान्हवीचं मंगळसूत्र बाजारात आलं. सोनाराच्या दुकानात बाया त्या नावानं मागायच्या. आमच्या रत्नागिरीच्या बाजारातही ते खोट्या सोन्याचं मिळायचं. जान्हवीच्या नवऱ्याची कुठली वस्तू बाजारात आली? लग्न दोघांचं झालं, खूण एकीच्याच गळ्यात. आणि २००४ ला सुरू झालेला ‘होम मिनिस्टर’. आदेश बांदेकर भावोजी, समोरची प्रत्येक बाई वहिनी. वर्षानुवर्षं हा खेळ चालला. बक्षीस पैठणी. वहिनी म्हंजे कुणाची तरी बायको. बाईला तिच्या नावानं टीव्हीत शिरता येत नाही असं नाही, पण नवऱ्याच्या नात्यानं शिरली तर दार लवकर उघडतं आणि वर साडी मिळते.

बातम्यांचं तरी वेगळं आहे का? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. सुरुवातीच्या काळात स्मिता पाटील तिथं मराठी बातम्या वाचायची. ती जीन्स घालून यायची आणि बातम्यांच्या वेळेला त्याच्यावरूनच साडी गुंडाळायची, हा किस्सा तिच्या ओळखीच्यांनी अनेकदा सांगितला आहे. लोक तो कौतुकानं सांगतात, गंमत म्हणून. मला त्यात गंमत कमी दिसते. टेबलाच्या वर महाराष्ट्र, टेबलाच्या खाली ती स्वतः. शेजारचा बातम्या वाचणारा बाप्या कोट-टाय घालून बसला, तो गोऱ्या साहेबाचा पोशाख. त्याला कुणी सांगितलं नाही की धोतर नेस, उपरणं घे, मग मराठी बातम्या वाच. संस्कृती सांभाळायचं ओझं टेबलाच्या या बाजूला तिच्या खांद्यावर, पदरासकट. आज निवेदिका कोट घालतात हे खरं, पण मंत्रालयातल्या त्या प्रकारानंतर कुणी म्हणू नये की तपासणी संपली.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. ऑस्ट्रेलियात चॅनेल नाईनवर सकाळच्या कार्यक्रमात कार्ल स्टेफानोविच नावाचा निवेदक होता. त्याच्या शेजारच्या निवेदिकेला, लिसा विल्किन्सनला, तिच्या कपड्यांवरून लोक सतत नावं ठेवायचे. म्हणून या गड्यानं एकच निळा सूट वर्षभर रोज घातला आणि २०१४ मध्ये जाहीर केलं. प्रेक्षकांपैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. वर्षभर! आमच्या वस्तीत बाई लागोपाठ दोन लग्नांत एकच साडी नेसली तर तिसऱ्या लग्नापर्यंत ती गोष्ट पोचलेली असते.

आता आपल्या दारात येतो, मित्रांनो, कारण हे सगळं सवर्णांचं दुखणं म्हणून सोडून देता येत नाही.

कपडा चहाडी करतो ही गोष्ट आपल्याइतकी कुणाला माहीत आहे? डिसेंबर १९२७, महाड. मनुस्मृती जाळली ती परिषद. तिथं बाबासाहेब आपल्या बायांशी वेगळं बोलले. त्यांनी लुगड्यावर बोलावं याचं तेव्हाही काहींना नवल वाटलं असेल. गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं लुगडं, गळ्यातल्या गळसऱ्या, कोपरापर्यंत कथलाच्या नि चांदीच्या गोठ-पाटल्या, ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती टाकून द्या, असा त्या बोलण्याचा अर्थ. कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा. आणि बायांनी लगोलग लुगडी घोट्यापर्यंत नेसली. याच्यावर आज काही विद्वान नाक मुरडतात, म्हणतात ही सवर्णांची नक्कल. ज्यांच्या अंगावरच्या कपड्यानं त्यांना लांबूनच ओळखून हाकललं नाही, त्यांना ते नक्कलच वाटणार. बाबासाहेबांनी त्या बायांना नटायला सांगितलं नव्हतं. अंगावरचा चहाडखोर उतरवायला सांगितलं होतं. आंबडवे आमच्या जिल्ह्यातलं, रमाईचं वणंद आमच्या जिल्ह्यातलं. हा धडा आम्हाला बाहेरून शिकायचा नाही.

मग १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत. बाया पांढऱ्या साड्यांत, बाप्ये पांढऱ्या सदऱ्यांत, आणि सूट-टायसाठी ओळखले जाणारे बाबासाहेब स्वतःही त्या दिवशी पांढऱ्यात. म्हंजे बघा, मंत्रालयातल्या भाषेत जो रंग मेलेल्या नवऱ्याचा, तो आपल्या इतिहासात नव्या जन्माचा. आणि तो रंग त्या दिवशी बाई-बाप्याला एकाच अर्थानं लागू होता. मला वाटतं, महाराष्ट्राच्या कपड्यांच्या इतिहासात एवढी मोठी गोष्ट दुसरी घडलेली नाही. अजूनही चौदा एप्रिलला आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या, तरण्या, पोरी पांढऱ्या साड्या नेसून रस्त्यावर येतात, आणि त्या इतक्या सुंदर दिसतात की बघतच राहावं. मालिका बघून वाढलेला पाहुणा विचारतो, कोण गेलं? माझ्या आत्येला एकानं असंच विचारलं. ती म्हणाली, कोण जायला नाय, आम्ही आलोय.

पण हा अर्थ टीव्हीवर कुठं आहे? २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांवरची मालिका आली, आपण घरोघर बघितली. आपली बाई टीव्हीवर आली ती अशी इतिहासातून. आजच्या मालिकेत, आजच्या घरात, पांढरी साडी नेसून हसणारी, लग्नाला निघालेली बाई मला अजून दिसलेली नाही. दिसली पांढरी साडी की मागून सनई बंद आणि रडकं वाद्य सुरू. आपला सण त्यांच्या पडद्यावर सुतक आहे.

आणि आपण काय केलं? बोलायला कडू आहे, पण याच पानांवर बोलायचं नाही तर कुठं? आपल्यातल्या बाप्यांनी बाबासाहेबांचा निळा सूट घेतला. लग्नात सूट, साहित्य संमेलनात सूट, बँकेत नोकरी लागली की पहिल्या पगाराचा सूट. चांगलं केलं, हक्काचा आहे तो. बाईच्या वाट्याला काय? लग्नाच्या दिवशी विहारात पांढरी साडी, आणि दुसऱ्या दिवसापासून टीव्हीतल्या सुनेसारखी भरजरी, वाटीचं मंगळसूत्र, हातभर हिरवा चुडा. तिला हवं असेल तर तिनं जरूर घालावं. पण नवरा वारला की तेच सगळं उतरवायला पहिल्या धावतात त्या आपल्याच घरातल्या. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरात बांगड्या फुटतात, हे मी डोळ्यांनी पाह्यलंय. आपल्या व्यासपीठावरच्या कविसंमेलनाचं चित्रीकरण बघा. कवीनं जीन्स, खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, काहीही घातलं तर तो बंडखोर. कवयित्री तशीच आली तर कविता संपल्यावर कुजबुज कवितेची नसते. सवर्ण चॅनेलला शिव्या घालताना त्यांचा कॅमेरा आपल्याही डोळ्यांत बसलाय हे विसरू नका.

मी भाताच्या गिरणीत काम करतो. आजोबा मुंबईच्या कापड गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर गावी आले. मशीनवर काम करणाऱ्याला कपड्याचा खरा अर्थ लवकर कळतो. पट्ट्याजवळ मोकळा कपडा म्हंजे मरण. १९४८ च्या कारखाना कायद्यात २२ वं कलम होतं : चालू यंत्राजवळ तपासणीचं, तेलपाण्याचं काम शिकलेल्या प्रौढ पुरुष कामगारानं करायचं, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, आणि ते कपडे मालकानं पुरवायचे. बाईनं चालू यंत्राला तेल घालायचं नाही. म्हंजे कायद्यानंसुद्धा बाप्याचा कपडा बदलून त्याला कामाला लावलं, आणि बाईचा कपडा तसाच ठेवून तिला कामापासून लांब केलं. तिलाही घट्ट कपडे द्या, हे कुणाला सुचलं नाही.

आणि जिथं मालकाला सुचतं तिथं बघा. आमच्या किनाऱ्यावर मासळी परदेशी पाठवणाऱ्या कंपन्यांत बाया डोक्याला टोपी, अंगात एप्रन, हातात मोजे घालून तासन्‌तास उभ्या असतात. मालात काही पडायला नको म्हणून बांगड्या, टिकल्या बाहेर काढून जायचं. तिथं संस्कृती बुडत नाही. भारतमाता विधवा होत नाही. परदेशी गिऱ्हाईक माल परत पाठवील ही भीती टिकलीपेक्षा मोठी असते. म्हंजे टिकली काढता येते, फक्त मालकाच्या फायद्यासाठी. ती बाई घरी येऊन टीव्ही लावते, तर पडद्यावरची बाई स्वैपाकघरात भाकऱ्या थापतेय भरजरी साडीत, रात्री झोपतेय गळाभर दागिन्यांत. एप्रनमधली बाई, कोळंबी सोलणारी, काजू फोडणारी, तिच्यावर मालिका निघत नाही. कारण तिच्या कपड्यावरून तिचं काम कळतं, नवरा कळत नाही.

२०२२ हे साल ध्यानात ठेवण्यासारखं आहे. ४ मे ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा मेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या गावात बंद. १७ मे ला सरकारनं परिपत्रक काढलं, की इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा. आणि त्याच सरकारच्या मंत्रालयात सहा महिन्यांच्या आत कोऱ्या कपाळाच्या पत्रकाराला परत पाठवलं गेलं. मधल्या काळात मुख्यमंत्री बदलला होता, इमारत तीच होती. कागदावर कुंकवाची सक्ती सैल झाली आणि कॅमेऱ्यासमोर घट्ट झाली.

त्याच मे महिन्यात काबूलमध्ये तालिबानचा हुकूम निघाला, टीव्हीवरच्या निवेदिकांनी तोंड झाकायचं. टोलो न्यूजच्या बायांना झाकावं लागलं. तेव्हा त्यांच्याबरोबरचे पुरुष निवेदकही तोंडाला मास्क लावून बातम्या वाचायला बसले. त्यानं हुकूम मागे गेला नाही. पण बघणाऱ्याला कळलं की ही बाईची शरम नाही, जुलूम आहे. आमच्या मंत्रालयात त्या दिवशी आजूबाजूला माईक धरलेले बाप्येही असणारच. त्यांच्यापैकी कुणाच्या कपाळाला कुंकू होतं का, हे कुणी विचारलं नाही. तिला उत्तर मिळत नसेल तर आमचाही माईक बंद, एवढं सगळ्या चॅनेलांनी मिळून केलं असतं तरी पुरलं असतं.

असं करता येतं, याला पुरावा आपल्याकडे फार जुना आहे. विधवेचं केशवपन म्हंजे याच चहाडीचं जुनं रूप, कपड्यावर न थांबता थेट डोक्यावर आलेलं. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तर आमच्या दापोलीतल्या मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं, असा तो काळ. त्याच्याही आधी, १८९० मध्ये, गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत न्हाव्यांना एकत्र केलं, आणि न्हाव्यांनी ठरवलं, विधवेच्या डोक्याला आमचा वस्तरा लागणार नाही. त्यांनी शास्त्रार्थ केला नाही. भटांशी वाद घातला नाही. जुलूम ज्या हातानं व्हायचा तो हातच मागे घेतला.

आज तो वस्तरा कुणाच्या हातात आहे? मालिकेच्या सेटवर बाईच्या कपाळाला टिकली चिकटवणाऱ्या मेकअपवाल्याच्या, तिला विधवा करायची म्हणून पांढरी साडी काढून देणाऱ्या ड्रेसवाल्याच्या, तिच्या कोऱ्या कपाळावर कॅमेरा नेऊन थांबवणाऱ्याच्या, आणि तसं लिहिणाऱ्या लेखकाच्या. यातले बरेच आपल्यासारखेच रोजंदारीवरचे. काही तर आपल्याच वस्त्यांतून गेलेले. त्यांना माझं विचारणं आहे. एक दिवस, एका भागात, नवरा मेलेल्या बाईला तिच्या आवडीच्या रंगाची साडी द्या. लग्नाला निघालेलीला पांढरी द्या. लफडं करणाऱ्या बाप्याचा शर्ट मळका ठेवा. आणि बाई ऑफिसातून आली असेल तर तिचं काम कळेल असा कपडा द्या.

मालक ओरडेल. न्हाव्यांवरही कुणीतरी ओरडलं असेल.